तोंडातच राहिलेलं औषध

माझ्या चुकीने कुणी मेलं नाही. निदान मला माहीत असलेल्यांपैकी तरी नाही. हे आधीच सांगतो, म्हणजे पुढचं कुणी त्या भीतीने वाचणार नाही. पण ज्यांचं पुढे काय झालं ते मला माहीतच नाही, असेही बरेच आहेत. अलीकडे मला जो थकवा असतो तो बहुतेक त्यांचाच असावा.

मी बऱ्हाणपूरच्या एका दवाखान्यात औषधांच्या खिडकीमागे बसतो. चिठ्ठी घ्यायची, गोळ्या द्यायच्या, कोणती जेवणाआधी आणि कोणती नंतर ते सांगायचं. पंचवीस वर्षं हेच चाललंय. त्यातली अकरा वर्षं माझ्याकडे आणखी एक काम होतं. दम्याच्या मोठ्या माणसांना पंप घ्यायला शिकवणं. हे काम मला कुणी दिलं नव्हतं, मी मागून घेतलं होतं.

दम्याचे दोन पंप असतात. एक निळा, धाप लागली की घ्यायचा. दुसरा तपकिरी, बरं वाटत असलं तरी रोज सकाळ-संध्याकाळ घ्यायचा. छातीच्या आतली सूज तोच हळूहळू उतरवतो. दोन्हींची रीत एकच. पंप हलवायचा, श्वास सोडायचा, ओठ मिटायचे आणि बटण दाबता दाबता सावकाश, खोल श्वास आत घ्यायचा. मग जमेल तेवढा रोखून धरायचा. सांगायला दोन वाक्यं लागतात, पण माणसांना ते जमत नाही. कुणी पंपात फुंकर मारतं. कुणी आधी बटण दाबतं आणि मग तोंडाशी नेतं. एक आजी पंप नाकाला लावायच्या आणि म्हणायच्या, "वास बराय रे बाबा."

आमच्याकडे येणारे निम्मे रुग्ण पावरलूमवर काम करणारे. दिवसभर सुताच्या उडणाऱ्या तुसात उभे राहायचे. त्यांनाही हेच जमत नव्हतं. एका दुपारी बाकावर पाच-सहा विणकर बसले होते, मी घसा फोडून "श्वासाबरोबर, श्वासाबरोबर" म्हणत होतो, आणि वैतागून माझ्या तोंडून निघून गेलं, "अरे, धोटा ओढता ना तुम्ही? तसं ओढा!"

धोटा म्हणजे मागावर इकडून तिकडे धावणारी ती लाकडी होडी. आत सुताची कांडी असते. कांडी संपली की नवी बसवायची आणि सुताचं टोक धोट्याच्या बाजूच्या बारीक भोकातून बाहेर काढायचं. सुई-बिई कुणी वापरत नाही. भोकाला तोंड लावायचं आणि सुर्र करून ओढायचं. टोक जिभेवर येतं. दिवसातून शेकडो वेळा हे करतात ती माणसं.

मी तसं म्हटल्याबरोबर सगळे हसले. आणि सगळ्यांनी एकदम, बिनचूक, सुर्र करून पंप ओढला. माझ्या अंगावर काटा आला. इतक्या दिवसांचं कुलूप असं एका शब्दाने उघडलं! तेव्हाचे मोठे डॉक्टर दारातून पाहत होते. "वा भाई," ते म्हणाले, "ये तो किसी किताब में नहीं है."

किताबमध्ये नव्हतं याचा मला किती अभिमान वाटला! लग्नाच्या पंगतीत, पानाच्या टपरीवर, बायकोच्या माहेरी, कुठेही बोलणं तब्येतीकडे वळलं की मी ती गोष्ट सांगायचो. पुढे अकरा वर्षं मी प्रत्येक विणकराला, त्याच्या बायकोला आणि कांड्या भरणाऱ्या बायकांनाही तसंच शिकवलं. धोटा ओढता तसं ओढा.

मी स्वतः आयुष्यात एकदाही धोटा ओढला नव्हता.

आता जिजाजींविषयी सांगतो. ते माझ्या मोठ्या बहिणीचे यजमान. मूळचे जवळच्या दापोरा गावचे, घरची केळीची शेती. पण वाटण्यांच्या वेळी त्यांनी शेत मोठ्या भावाकडे राहू दिलं आणि स्वतः शहरात येऊन लूमवर लागले. त्यांना मागाचा नाद होता. असे लोक असतात, त्यांना यंत्राचा आवाज ऐकला की बरं वाटतं. मी फार्मसी शिकत होतो तेव्हा दोन वर्षं ताईकडेच राहिलो. परीक्षेच्या दिवशी ते रात्रपाळी करून यायचे आणि तसेच मला सायकलवर डबलसीट घेऊन निघायचे. वाटेत विचारायचे, "सालेसाहेब, झालं का पाठ? नसेल तर सांगा, हळू चालवतो."

पंचावन्नच्या आसपास त्यांना धाप लागायला लागली. आधी जिन्यावर, मग सपाट रस्त्यावर. दमा निघाला. पंप कसा घ्यायचा ते अर्थात मीच शिकवलं. शिकवायला काय लागणार होतं? त्यांच्यासारखा धोटा ओढणारा अख्ख्या मोहल्ल्यात नव्हता. एका दमात सूत जिभेवर.

तपकिरी पंप सुरू होऊन सहा महिने झाले, पण फरक नव्हता. मग त्याची ताकद वाढवली. तरी फरक नव्हता. धाप वाढली की दर दोन-तीन महिन्यांनी गोळ्यांचा एक डोस द्यावा लागायचा. त्या गोळ्यांनी छाती मोकळी व्हायची, पण साखर वर जायची, तोंड सुजायचं. मधल्या काळात त्यांचा आवाज बसला. नेहमीसाठीच घोगरा झाला. जिभेवर आणि टाळूला पांढरे चट्टे उठायचे, तिखट लागेना. ताई त्यांच्यासाठी वेगळी, फिकी भाजी करायची.

हे सगळं मला दिसत होतं. माझ्या खात्याचं होतं. पंपाचं औषध तोंडात साठलं तर आवाज बसतो आणि चट्टे येतात, हे मला पाठ होतं. पण मी त्याचा अर्थ काय लावला? पंप घेतल्यावर हे चूळ भरत नाहीत, असा.

"जिजाजी, किती वेळा सांगायचं? पंपानंतर चूळ भरायची."

"भरतो रे."

"भरता, मग हे चट्टे काय आभाळातून पडले?"

मी ताईला बाजूला घेऊन सांगितलं की हे नियमित घेत नाहीत, लक्ष ठेव. ताई तशी सरळ बाई. तिने लक्ष ठेवायचं म्हणजे खरंच ठेवलं. सकाळ-संध्याकाळ त्यांच्यासमोर उभी राहायची. सतरंजी झटकता झटकता म्हणायची, "घ्या. माझ्यादेखत घ्या." साठीकडे झुकलेला माणूस शाळेतल्या पोरासारखा बायकोसमोर पंप घ्यायचा. ताई मला फोनवर सांगायची, "घेतात रे भाऊ, मी पाहते ना डोळ्यांनी." तेव्हाही माझ्या मनात आलं ते असं की नवऱ्याला पाठीशी घालतेय.

गेल्या उन्हाळ्यात त्यांना दवाखान्यात चार दिवस ठेवावं लागलं. घरी आल्यावर दापोऱ्याहून त्यांचे मोठे भाऊ आले. आम्ही त्यांना दादाच म्हणतो. माणूस प्रेमळ, पण बोलायला फटकळ. ते ठरवूनच आले होते. लूम सोडायचा, शहरातलं घर सोडायचं आणि दोघांनी दापोऱ्याला यायचं. मागची खोली रिकामी करून ठेवली होती. दसऱ्यानंतर टेम्पो घेऊन येतो, म्हणाले.

जिजाजी मान खाली घालून ऐकत होते. त्यांना जायचं नव्हतं हे त्या खोलीतल्या प्रत्येकाला कळत होतं. भावाचं घर कितीही चांगलं असलं तरी ते भावाचं. तिथे जाऊन ओसरीवर खोकत बसायचं, भावाची सून पाणी आणून देणार, आणि येणारा-जाणारा विचारणार, आता कसं वाटतंय. ज्या माणसाने तीस वर्षं कुणाचं काही घेतलं नाही, त्याला यापेक्षा वाईट काय असतं?

"औषधाने बरं वाटेल हळूहळू," एवढंच ते घोगऱ्या आवाजात बोलले.

दादा माझ्याकडे वळले. "काय हो पाहुणे, तुम्ही तर दवाखान्यातले. औषधाने का नाही वाटत बरं?"

मी म्हणालो, "दादा, औषध घेतलं तर वाटेल ना."

आजारपणाचं कळल्यावर परगावाहून आलेली ताईची सून, शेजारचे दोघं, दादांचा मुलगा, सगळे होते. दादा हसले. "हे असंच. लहानपणी आई काढा द्यायची तर हा पठ्ठ्या मोरीत ओतून यायचा. खोटं बोलायचा वर!" सगळे हसले. मीही हसलो. जिजाजींनी एकदा माझ्याकडे पाहिलं. "मी घेतो रे दोन्ही वेळ," ते म्हणाले. रागाने नाही. नुसतं सांगितलं.

"मग जा दापोऱ्याला," मी म्हणालो. "हवा तरी चांगली मिळेल."

हे वाक्य मी म्हणालो. दुसऱ्या कुणी नाही.

पावसाळ्यात आमच्याकडे एक नवीन डॉक्टर आल्या. वय माझ्या मुलीएवढं. बोलणं हिंदीत, आवाज बारीक. पहिल्याच आठवड्यात त्यांनी दम्याच्या जुन्या रुग्णांना परत बोलावलं. मला वाटलं, नवा उत्साह आहे, उतरेल. जिजाजींना मीच घेऊन गेलो.

डॉक्टरांनी छाती तपासली नाही. आधी म्हणाल्या, "बाबूजी, पंप लेके दिखाइए."

जिजाजींनी पंप हलवला, श्वास सोडला, ओठ मिटले आणि सुर्र करून ओढला. नेहमीसारखा, सफाईदार. मी बाजूला उभा होतो, थोडा खूशच होतो.

"फिर से," त्या म्हणाल्या. या वेळी त्यांनी एक हात जिजाजींच्या छातीवर ठेवला. जिजाजींनी पुन्हा ओढला. मग डॉक्टर मला म्हणाल्या, "आप हाथ रखिए."

मी हात ठेवला. जिजाजींनी ओढलं. दोन्ही गाल आत गेले, खोबणीसारखे. छाती माझ्या हाताखाली जागची हलली नाही. भिंतीवर हात ठेवावा तशी.

"दवा सारी मुँह में रह जाती है," त्या म्हणाल्या. "अंदर कुछ गया ही नहीं. ये आपको किसने सिखाया?"

ती खोली लहान आहे. टेबल, दोन खुर्च्या, वजनकाटा. मी जिजाजींपासून हातभर अंतरावर होतो. त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही.

"किसी ने नहीं, मॅडम," ते म्हणाले. "लूम की आदत है. धागा खींचते-खींचते ऐसाच हो जाता है."

डॉक्टरांनी मान हलवली आणि कागदावर काहीतरी लिहिलं. मला बोलायला जागा होती, वेळही होता. वजनकाट्याकडे पाहत मी उभा राहिलो. नंतर त्या म्हणाल्या, "आप तो यहाँ सबको सिखाते हैं ना? इनको भी ठीक से सिखा दीजिए." मी म्हणालो, "जी मॅडम."

त्यांनी एक प्लास्टिकची पोकळ नळी दिली. स्पेसर म्हणतात तिला. पंप एका टोकाला लावायचा, तोंड दुसऱ्या टोकाला. औषध आधी नळीत भरतं, मग सावकाश श्वासाने ते आत घ्यायचं. ओढायचं नाही, नुसता श्वास घ्यायचा. घरी बसून मी जिजाजींना ते शिकवलं. त्यांच्या छातीवर हात ठेवून. पहिल्या दिवशी दहातले आठ वेळा गालच आत जायचे. "काय करू," ते म्हणायचे, "तोंडाला काही लावलं की गाल आपोआप ओढतात." चौथ्या-पाचव्या दिवशी छाती माझ्या हाताखाली वर आली. मी चष्मा पुसायला लागलो.

महिन्याभरात त्यांचा आवाज परतायला लागला. दीड महिन्यात जिना चढून वर येताना ते बोलू लागले. ताई फोनवर म्हणाली, "भाऊ, तुझ्या हाताला यश आहे रे."

खरं काय ते सांगायचं तर लगेच सांगता आलं असतं. पण मी स्वतःला समजावत राहिलो की आता बरं वाटतंय ना, मग जुनं उकरून काय मिळणार. त्याच वेळी मी प्रायश्चित्त म्हणून म्हणा, रोज तीनदा त्यांना फोन करायला लागलो. पंप घेतला का, किती वाजता घेतला, छाती हलली का. शिवाय एक दिवसाआड घरी. डॉक्टरांनी त्यांना तीन रंगांचा एक कागद दिला होता. हिरव्यात असाल तर काय करायचं, पिवळ्यात गेलात, म्हणजे खोकला वाढला, झोपमोड व्हायला लागली, तर पंप कसा वाढवायचा, लाल असेल तर सरळ दवाखाना. तो कागद त्यांच्यासाठी होता. मी त्याचा फोटो काढून माझ्या मोबाईलमध्ये ठेवला आणि रोज मीच ठरवायचो की आज ते कोणत्या रंगात आहेत. ताईसुद्धा एकदा वैतागून म्हणाली, "काय रे, त्यांचा दमा तुला झाला का?"

शेवटी भाद्रपदात एका दुपारी मी त्यांच्या कारखान्यात गेलो. लाईट गेली होती, माग बंद होते, माणसं बाहेर ओट्यावर बसली होती. ते आत एकटेच, मागाच्या बाजूला स्टुलावर. लूम बंद असला की तिथे इतकी शांतता असते की आपलाच श्वास ऐकू येतो. सगळीकडे पांढरं तूस, वायरींवर, जाळ्यांवर, त्यांच्या भुवयांवर.

मी सांगितलं. की त्यांना मीच शिकवलं, तेही चुकीचं. गेली दोन वर्षं ते रोज औषध घेत होते आणि ते छातीत जातच नव्हतं. गोळ्या, साखर, ते चार दिवस, सगळं त्यातून आलं. आणि डॉक्टरांनी विचारलं तेव्हा मी गप्प राहिलो.

त्यांनी ऐकून घेतलं. मग बाजूचा एक धोटा उचलला. "बस इथे," म्हणाले. "ओढ हा."

मी तोंड लावलं आणि ओढलं. श्वास आत गेला तसं काहीतरी घशात अडकलं आणि मी खोकत सुटलो. डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

"बघ," ते म्हणाले. "धोटा ओढताना श्वास आत घ्यायचा नसतो. घसा बंद करायचा, नुसत्या गालांनी ओढायचं. नाहीतर तूस छातीत जातं. पहिल्या दिवशी उस्ताद हेच शिकवतो. श्वास घेतला की पाठीत धपाटा." त्यांनी धोटा परत जागेवर ठेवला. "जो जितका चांगला कारागीर, त्याचा घसा तितका पक्का बंद. तू म्हणालास धोट्यासारखं ओढा. आम्ही ओढलं."

"मग तुम्हाला वाटलं नाही का, औषध आत जायला हवं?"

"वाटलं एक-दोनदा. पण म्हटलं, तू शिकलेला माणूस. तोंडातूनच भिनत असेल, गुटख्यासारखं."

मी विचारलं, "डॉक्टरांना माझं नाव का नाही सांगितलं?"

"तुझी नोकरी आहे तिथे." मग थोडं हसले. "आणि तू खाली बघत होतास. मला वाटलं, हा आता पडतो."

मी माफी मागितली. ती त्यांनी घेतली की नाही, मला अजून माहीत नाही. ते म्हणाले, "मला सांगून काय उपयोग? मला आता जमतंय. बाकीच्यांना कोण सांगणार?" तेवढ्यात लाईट आली, माग एकदम सुरू झाले, आणि त्या आवाजात बोलणं शक्य नव्हतं.

मी आधी डॉक्टरांना सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. "अच्छा हुआ बताया," म्हणाल्या, आणि जुन्या रुग्णांची यादी काढायला सांगितली. मग दर रविवारी मी मोहल्ल्यांत फिरायला लागलो. सुटीच्या वेळी कारखान्यांच्या ओट्यांवर जायचं, ओळख काढायची आणि सांगायचं की मी शिकवलं होतं ते विसरा. हे काम सोपं नाही. माझी ती धोट्याची युक्ती इतकी पक्की बसली होती की लोक ती आपापल्या घरात शिकवत होते. एकाने तर मलाच समजावलं, "भाई, आपको नहीं मालूम, धोटे जैसा खींचते हैं इसको." मी म्हणालो, ती माझीच युक्ती आहे. तो म्हणाला, "नहीं नहीं, ये तो पुरानी चीज है."

बऱ्याच जणांनी पंप केव्हाच टाकून दिले होते. "काही फायदा नव्हता," ते म्हणायचे. कडवटपणा नव्हता त्यात. एक जण कसल्यातरी पुड्या घेत होता. त्याचं तोंड चंद्रासारखं गोल झालं होतं, पुड्यांत जिजाजींच्या त्या गोळ्यांचंच औषध असणार. एकाने घर बदललं होतं, कुणी म्हणालं चांदनी गावाला गेला, कुणी म्हणालं आणखी पुढे. चांदनीला मी जाऊन आलो. तो नव्हता तिथे. एका बाईने विचारलं, "म्हणजे तेव्हा नीट शिकवलं असतं तर आमच्या यांना काम सोडावं लागलं नसतं का?" मी म्हणालो, "माहीत नाही, ताई." मला खरंच माहीत नव्हतं. ती म्हणाली, "बरं. चहा घ्या." मी घेतला. रविवार संपता संपता माझे गुडघे दुखायचे आणि यादीतली दोन-तीन नावं कमी झालेली असायची.

दसरा झाला. दादांचा फोन आला की अमुक दिवशी टेम्पो घेऊन येतोय. जिजाजींना आता बरंच बरं होतं, पण दादांनी ठरवलं म्हणजे ठरवलं. त्या दिवशी मी रजा काढली. डॉक्टरांकडून एक चिठ्ठी लिहून घेतली की प्रकृती सुधारली आहे, औषध व्यवस्थित चालू आहे. दादांशी भांडायची मी वाटेभर तयारी करत होतो. कारखान्याच्या शेठशीही बोलायचं मनात होतं, यांना तुसातून हलवून दुसरं काही काम द्या म्हणून.

पोहोचलो तर टेम्पो दारात उभा होता आणि दादा आत पलंगावर बसले होते. जिजाजी घरी नव्हते.

"कामावर गेलेत," ताई म्हणाली. "आजपासून घडीखात्यात आहेत. कापड तपासायचं, घड्या घालायच्या. तिथे वेगळी खोली आहे, तूस नाही. परवा स्वतःच जाऊन शेठला सांगून आले. म्हणाले, माग सोडतो, काम सोडत नाही."

"माग सोडला?"

"हो. दोन दिवस जेवले नाहीत नीट. पण सोडला."

मी दादांकडे पाहिलं. दादा म्हणाले, "मलाही सकाळी फोनवर सांगितलं. येऊ नका म्हणाला. मी म्हटलं टेम्पो तर निघालाय. केळी आणली मग." कोपऱ्यात दोन घड होते.

मग ताईने सहज सांगितलं की मागच्या आठवड्यात त्यांना खोकला वाढला होता, पहाटे जाग यायची. त्यांनी तो कागद काढला, पिवळ्यात काय लिहिलंय ते वाचलं, त्याप्रमाणे पंप वाढवला, तीन दिवसांत उतरलं. मी त्या आठवड्यात रोज फोन केला होता. रोज ते म्हणाले होते, ठीक आहे.

"मला का नाही सांगितलं?" मी विचारलं. मला खरंच वाईट वाटलं होतं, ते आता लिहिताना लाज वाटते.

ताई हसली. "मी पण हेच विचारलं. म्हणाले, त्याला सांगितलं असतं तर तो धावत आला असता, आणि मला माझं सोडून त्याचाच दम सांभाळावा लागला असता."

दादाही हसले. मग चहाची बशी हातात घेऊन ते म्हणाले, "काही म्हणा पाहुणे, तुम्ही शिस्त लावली त्याला. तुम्ही त्या दिवशी स्पष्ट बोललात म्हणून तो औषध घ्यायला लागला. नाहीतर तो ऐकणारा नाही."

ताई स्वयंपाकघरात गेली होती. तिलाही मी तोवर सांगितलेलं नव्हतं. खिशात ती डॉक्टरांची चिठ्ठी होती, आता कुणालाच नको असलेली. मी गप्प बसलो असतो तर जिजाजींनीही तो विषय कधी काढला नसता.

"दादा," मी म्हणालो, "ते आधीपासून घेत होते. दोन्ही वेळ. एक दिवस चुकवला नाही. मी त्यांना चुकीचं शिकवलं होतं, म्हणून गुण येत नव्हता. तुमच्यासमोर मी जे बोललो ते खोटं होतं. तेव्हा मला ते खोटं आहे हे माहीत नव्हतं, पण खोटं होतं."

स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबला.

दादांच्या बशीतला चहा तसाच राहिला. "हे त्याला सांगितलंत?"

"हो."

"एकट्याला?"

"हो."

"मी तर त्याला चार लोकांत बोललो होतो," दादा म्हणाले. "सुनेसमोर."

त्यांनी बशी खाली ठेवली, उठले, दारात जाऊन टेम्पोवाल्याला म्हणाले, "तू जा. मी बसने येईन." मग परत येऊन माझ्याशेजारी बसले, पण माझ्याकडे न पाहता.

"किती वाजता सुटतो तो?"

"सहाला," आतून ताई म्हणाली. तिचा आवाज मला ओळखू आला नाही. ती बाहेर आली नाही.

तेव्हा दुपारचे दोन वाजले होते. मला निघून जावंसं वाटत होतं. पण दादा हलत नव्हते, आणि त्यांना एकट्याला बसवून जाणं आता शक्य नव्हतं. आम्ही दोघं सहा वाजायची वाट पाहत तिथेच बसून राहिलो.